दाढेला क्षमा

माझी उजवीकडची दाढ दुखू लागली, ही बाब मी प्रथम पत्नीच्या कानावर घातली. तिथेच चुकलो. तिने ती आपल्या दादाच्या कानावर घातली आणि दादा नुकतेच ‘अंतर्मोकळीक’ शिबिर करून आले होते. पूर्वी ते पंखे दुरुस्त करत, आता माणसं करतात.

माझं तोंड न उघडताच त्यांनी निदान केलं. “दाढ नाही हो दाजी. आत अडकलेला राग दुखतोय.”

“राग कसला? कीड लागलीय.”

“बघा, चिडलात.”

शिबिराचं तत्त्व सरळ होतं. ज्याला गरज असते तोच नाही म्हणतो. मी गप्प बसून पाहिलं, तर तो दडपलेला नकार निघाला.

मग पत्नी, सासूबाई आणि माझी सख्खी आत्या शिबिर करून आल्या आणि सकाळ-संध्याकाळ मला क्षमा करू लागल्या. आत्याने तर मी अजून न केलेल्या अपराधांचीही आगाऊ क्षमा केली. गाल टम्म फुगला, तेव्हा सासूबाईंनी डोळे पुसले. म्हणाल्या, “किती साठवून ठेवलंय हो जावईबापूंनी.”

शेवटी मी घरच्यांची नजर चुकवून दंतवैद्याकडे पळालो.

“काढायचीय?” त्याने विचारलं.

“काढा एकदाची.”

“दाढेशी बोललात?”

त्यालाही त्याच्या साडूने शिबिराला नेलं होतं. शिबिर पूर्ण केल्याचा दाखला पाहिल्याशिवाय तो आता चिमटा हातात धरत नाही.

नाक मुठीत धरून गेलो. भरल्या सभागृहात रिकाम्या खुर्चीला दाढ समजून तिची माफी मागितली, अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडलो. माझं रडणं अस्सल होतं, कळच तशी होती. टाळ्यांचा कडकडाट झाला. पण दाखला मागितला, तेव्हा संचालिका गोड हसल्या. आपलं एक माणूस आणल्याखेरीज मोकळीक पूर्ण होत नाही म्हणे.

सारं गणगोत पालथं घातलं. सगळे आधीच मोकळे झालेले. एका लांबच्या मावशीने उलट मलाच आमंत्रण दिलं.

तेव्हा वाचकहो, आता तुम्हीच. इथवर वाचलंत, म्हणजे घरचेच झालात. राग मानू नका, दाढ फार ठणकते हो. तुम्ही नाही म्हणाल हे ठाऊक होतं, म्हणून परस्पर तुमच्या घरी फोन केला. मला वाटलं होतं, समजूत घालावी लागेल. पण तुमची बॅग त्यांनी आधीच भरून ठेवली होती.