टर्बो गार होईपर्यंत

बजरंगरावांनी घेतलेल्या नव्या गाडीला टर्बो होता, आणि शोरूमच्या मेकॅनिकनं त्यांना एकच गोष्ट बजावली होती. "साहेब, लांबून आलात की इंजिन लगेच बंद करू नका. टर्बो तापलेला असतो. दोन मिनिटं नुसतं चालू राहू द्या, गार झाला की मग बंद." झालं! तेव्हापासून हिंजवडीतल्या कोपऱ्यावरून कोथिंबीर आणली, तरी बजरंगराव आपल्याच दारात दोन मिनिटं गाडीत बसून राहायचे. बायको मुक्ताई या प्रकाराला अगदी टेकीला आली होती.

भाऊबिजेला निघताना तिनं दम दिला, "अहो, आज तरी असलं काही करू नका. तीन वर्षांनी दादाच्या दारात चाललोय. आज फिसकटलं, तर माझं माहेर कायमचं तुटलं."

"मग मी येतोय की! फेट्यावाचून मी ऱ्हायलो, तुझा दादा न्हवं."

भांडण फेट्याचं होतं. कसबा पेठेतल्या श्यामसुंदरदादांच्या मुलीच्या लग्नात सगळ्या मानकऱ्यांना फेटे बांधले आणि घरचा जावईच बोडका राहिला. दादा म्हणाले, फेटेवाला विसरला. बजरंगराव म्हणाले, मलाच बरा विसरला! तेव्हापासून अबोला. मधल्या मधे बिचाऱ्या मुक्ताईनं तीन भाऊबिजा फोनच्या पडद्याला ओवाळून काढल्या.

तर दीड तासाची गर्दी कापून गाडी कसब्यातल्या बोळात दादांच्या दारी थांबली. बजरंगराव जागचे हलले नाहीत.

"तू हो पुढं. गार होऊ दे."

मुक्ताई कपाळाला हात लावून एकटीच जिना चढली. वर दादा गॅलरीत उभेच होते.

"काय गं, बजरंगराव उतरत नाहीत? इंजिनसुद्धा चालू! तुला टाकून परत जायचंय वाटतं. रिक्षावालासुद्धा मीटर बंद करतो, दोन शब्द बोलतो."

"येतायत रे. गार झालं की येतील."

"तीन वर्षांत राग गार झाला नाही, तो आता दोन मिनिटांत होणार का?"

"अरे राग नाही..." ती सांगायला लागली, तेवढ्यात खाली अडकलेल्या चार स्कूटरींनी एकदम हॉर्न लावला. दादा मांडलेल्या पाटाकडे पाठ करून उभे राहिले. "आम्ही कुणाला ओढून वर आणत नसतो," एवढंच म्हणाले.

मुक्ताई घाईघाईनं गॅलरीतून वाकली. खालच्या तुळजाकाकू दारात उभ्या होत्या.

"काकू, जरा बघा ना, झालं का गार?"

काकूंनी उघड्या काचेतून डोकावलं. दिवाळीचा फराळ आणि दीड तासाची गर्दी, दोन्ही बजरंगरावांच्या अंगावर आली होती. सीट मागे, डोळे मिटलेले, तोंड उघडं.

"अगं बाई!" काकू किंचाळल्या. "झाले गं गार!"

"सुटले बाई," मुक्ताई म्हणाली. "वहिनी, चहा टाका."

दादांनी एकदा बहिणीकडे बघितलं आणि ते अनवाणी जिना उतरत सुटले. गाडीच्या खिडकीतून त्यांनी बजरंगरावांचा दंड धरला.

"दाजी! अहो दाजी, उठा हो! फेटेवाला नव्हता विसरला. फेटे मोजूनच आणले होते, आणि नगरसेवक ऐन वेळी टपकले. तुमचा फेटा मीच त्यांना बांधायला लावला. तीन वर्षं तुमच्याशी खोटं बोललो, दाजी!"

बजरंगराव पहिल्याच 'दाजी'ला जागे झाले होते. पण जे ऐकायला तीन वर्षं कान आसुसले, ते ऐकू येत असताना डोळे उघडण्याइतके ते खुळे नव्हते. दादांना हुंदका फुटला, तेव्हा मात्र त्यांनाही भरून आलं. त्यांनी एक डोळा उघडला.

"पाव्हणं, जरा मोठ्यानं बोला. इंजिनामुळं काय ऐकू येत न्हाय."

बोळातले हॉर्न थांबले. दादांचे कान लाल झाले. जिन्यात ओवाळणीचं तबक घेऊन आलेली मुक्ताई जागीच उभी राहिली. आता दादा परत वर निघून जाणार, तिला वाटलं.

दादांनी सदऱ्यानं डोळे पुसले. खिडकीतून हात आत घातला आणि बटण दाबून इंजिन बंद केलं. मग घसा खाकरून, समोरच्या तिसऱ्या मजल्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात, त्यांनी फेट्याची हकिकत पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.