मांजरा टायगर्सची फाउंडेशन बॅच

राघवेंद्रच्या टीममधून एकोणिसावा नवा खेळाडू पळाला, तेव्हा सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि स्वयंपाकघरात त्याच्या आई इंदूबाई पोहे परतत होत्या.

"अरे दगडा, तटावर चढ म्हटलं की चढायचं! झाडं बघत कामून उभारलास?" राघवेंद्र कानाला हेडफोन लावून बैठकीतून ओरडला. पलीकडचा दगड खेळ बंद करून निघून गेला.

'गडझुंज' हा मोबाईलवरचा खेळ. इकडे पाच जण, तिकडे पाच जण, दोन गड, आणि ज्याचा दरवाजा आधी पडेल तो हरला. राघवेंद्र लातुरातल्या एका कोचिंग क्लासमध्ये प्रश्नपत्रिका टाईप करायचा आणि उरलेल्या वेळात 'मांजरा टायगर्स' या टीमचा कप्तान असायचा. तीन वर्षं खपून त्यानं टीम राज्यात बाविसाव्या नंबरावर आणली होती. पण पाचातले तिघे गळाले. एकाचं लग्न झालं, एक पुण्याला नोकरीला गेला आणि एकाचा मोबाईल वडिलांनी कपाटात घालून कुलूप लावलं. उरले राघवेंद्र आणि मिहिर. महिनाअखेरपर्यंत पाच जण भरले नाहीत तर टीम यादीतून कायमची जाणार होती, नावासकट. हातात बारा दिवस होते.

नवे खेळाडू यायचे भरपूर. पण मांजरा टायगर्सची गाठ पडायची मुरलेल्या टीमशी. त्यामुळे नव्याला गडाचा जिना सापडेपर्यंत तो दोनदा मरायचा आणि जिना सापडला की राघवेंद्रच्या शिव्या खायचा.

"सकाळी सकाळी कुणावर ओरडायलास रे?" अनंतरावांनी पेपर खाली केला. राघवेंद्रचे हे वडील निवृत्त मुख्याध्यापक होते आणि निवृत्तीनंतर त्यांचं ऐकणारं घरात कुणी उरलं नव्हतं.

"अण्णा, नवी पोरं टिकंनातच. एक डाव खेळतेत की पळतेत."

"पहिलीतल्या पोराला दहावीचा पेपर दिलास तर ते काय पेढे वाटंल? भूकंपानंतर पत्र्याच्या शेडात साठ पोरं शिकवली मी. वरून पत्रा तापायचा, खालून जमीन हलायची. एक पोरगं पळालं न्हाई. आण ते कानातलं इकडं."

विसावा खेळाडू नुकताच आला होता.

"बाळ, नाव काय तुझं?" अनंतरावांनी विचारलं.

"सि... सिद्धराम."

"गाव?"

"अहमदपूर."

"अहमदपुरात कुठं? मोंढ्याच्या मागं? मग तो मलप्पा तुझा कोण?"

"चुलते हायत."

"आठवीला होता माझ्याकडं. तासाला झोपायचा. त्याला माझा आशीर्वाद सांग, अन् उद्या सकाळी सहाला हजर राहा."

आता सिद्धरामची काय बिशाद! ओळख चुलत्यापर्यंत पोचल्यावर खेळ सोडणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडणं. दुसऱ्या दिवशी सहाला दहा कमी असतानाच तो हजर होता आणि येताना दोन मित्रही घेऊन आला होता.

अनंतरावांनी त्या दिवशी फाउंडेशन बॅच काढली. नियम साधा होता. पहिले तीन दिवस लढाई बंद. पोरांनी रिकाम्या गडावर नुसतं फिरायचं, पायऱ्या मोजायच्या, पहारेकरी किती वेळानं वळतो ते वहीत लिहायचं. कुणी चुकलं तर अनंतराव म्हणायचे, "चुकलास? छान. आता का चुकलास ते सांग." राघवेंद्रच्या तोंडून तीन वर्षांत कुणी 'छान' ऐकलं नव्हतं. पोरं चिकटली. मिहिरसुद्धा गुपचूप सहाच्या बॅचला बसू लागला.

"राघू, तू पण ये की," तो म्हणाला.

"मी? कप्तान हाय मी!" राघवेंद्र पांघरूण ओढत म्हणाला.

पाचव्या दिवशी पहिली चाचणी झाली. चाळीस प्रश्न, बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा. मुदखेडची पुनम पहिली आली. आणि लातुरात कुणी पहिलं आलं की जे होतं तेच झालं. दुसऱ्या दिवशी फाटकावर फ्लेक्स लागला. त्यावर पुनमचा हसरा फोटो, वर अनंतरावांचा गंभीर फोटो आणि मध्ये लाल अक्षरांत 'गडझुंज परीक्षेत घवघवीत यश'.

इथून सगळं हाताबाहेर गेलं. फ्लेक्स दिसला की लातुरात आलेला पालक थांबतोच. आधी दोन आले, मग अकरा.

"सर, हे डॉक्टरकीचं हाय का इंजिनिअरिंगचं?" एकानं विचारलं.

"गडाचं," अनंतराव खरं तेच बोलले.

"सीटा किती?"

"पाच."

पाचच सीटा म्हटल्यावर गर्दी दुप्पट झाली. निलंग्याहून तारामतीबाई मुलाची ट्रंक घेऊनच आल्या. "मेस आतच हाय का बाहेर?" त्यांनी स्वयंपाकघरात डोकावून विचारलं.

"मेस म्हणजे मीच," इंदूबाई म्हणाल्या आणि चौदाव्या चहाचं आधण ठेवलं. बैठकीत हजेरीपट होता, सोफ्यावर पालक होते आणि आठ दिवसांत नवऱ्याचं तोंड त्यांना मोबाईलच्या उजेडातच दिसलं होतं. दळण आणायचं राहिलं होतं, गॅसची नळी बदलायची राहिली होती. "अहो," म्हटलं की उत्तर यायचं, "तास चालू हाय."

महिना संपायला दोन दिवस उरले. राघवेंद्र खुशीत येऊन म्हणाला, "अण्णा, लई भारी काम केलं तुम्ही. आता त्यातली चांगली तीन पोरं मला द्या. मी अन् मिहिर हावच."

"द्या म्हणजे? पाची सीटा मेरिटनं भरणार."

"टीम माझी हाय अण्णा! तीन वर्षं खपलोय मी!"

"मास्तराचं पोरगं म्हणून आत घेतलं तर एवढ्या पालकांना काय तोंड दाखवू? उद्या पेपर हाय. दे."

राघवेंद्र तुच्छतेनं हसला आणि पेपरला बसला. रोज स्वतःच्या हातानं 'चुकीच्या उत्तराचा एक गुण वजा' असं टाईप करणाऱ्या या गृहस्थानं चाळीसच्या चाळीस प्रश्न वीस मिनिटांत ठोकून दिले. पहारेकरी किती सेकंदांनी वळतो, हे त्यानं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तो नेहमी पहारेकऱ्याच्या अंगावरच धावायचा. निकाल लागला. पुनम पहिली, सिद्धराम दुसरा, मिहिर चौथा. राघवेंद्र त्रेचाळिसावा.

शेवटच्या दिवशी मांजरा टायगर्सचे पाच जण भरले, टीम वाचली आणि त्याच दुपारी तिनं सतराव्या नंबरच्या टीमचा दरवाजा पाडला. राघवेंद्र दारात उभा राहून बघत होता. टीम वाचल्याचा त्याला मनापासून आनंद झाला आणि ती आपल्यावाचून वाचली म्हणून रडूही आलं.

"रिपीटर बॅच परवापासून," अनंतराव त्याची उत्तरपत्रिका चाळत म्हणाले. "अन् ही अशी प्रगती असंल तर उद्या पालकांना घेऊन ये."

"अण्णा, पालक तुम्हीच हाव की!"

"क्लासमध्ये मी सर हाय."

राघवेंद्र मुकाट्यानं स्वयंपाकघरात गेला. "आई, उद्या दहाला मोकळी हायस का?"

इंदूबाई होत्याच. दुसऱ्या दिवशी त्या इस्त्रीची साडी नेसल्या, पर्स घेतली, मागच्या दारानं बाहेर पडून पुढच्या दारानं आत आल्या आणि पालकांच्या रांगेत बसल्या. त्यांचा नंबर आला.

अनंतराव क्षणभर गडबडले. पण खोलीत दहा-बारा पालक होते. त्यांनी चष्मा सारखा केला. "मुलगा हुशार हाय तुमचा. पण उतावळा. घरी कुणाचं लक्ष न्हाई वाटतं?"

"कसं राहील सर?" इंदूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "घरात वातावरणच न्हाई. त्याचे वडील दिवस उगवल्यापासून मोबाईलवर गेम खेळत बसतेत. दळण आणा म्हटलं तर अंगावर येतेत."

राघवेंद्रनं जमिनीकडे बघितलं. सरांनी पाण्याचा ग्लास उचलला आणि रिकामा आहे हे पाहून तसाच ओठाला लावला.

औशाहून आज पहिल्यांदाच आलेले श्रीमंतराव मागच्या खुर्चीवरून कळवळून म्हणाले, "असल्या बापापायी लेकराचं वाटोळं होतं, ताई. तुम्ही असं करा, ह्या सरांनाच एकदा घरी घेऊन जा. दोन शब्द सुनावतील त्याला!"