सोनवलकर काकांचं मशीन

आमच्या सोसायटीचा कॉम्प्युटर चालू केल्यावर बराच वेळ त्याला हात लावायची सोय नव्हती. कोणी पुढे झालंच, तर सोनवलकर काका खुर्चीतून उठून मध्ये उभे राहायचे आणि म्हणायचे, "मशीनला तापू द्या."

काकांनी अख्खी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, स्टोअर सांभाळत काढली. तिथे सकाळी लेथ सुरू केली की आधी नुसती फिरू द्यायचे आणि मग कामाला लावायचे. तोच नियम त्यांनी जसाच्या तसा कॉम्प्युटरला लावला. कॉम्प्युटर म्हणजे लेथ नव्हे, हे मी त्यांना सांगून पाहिलं. "इजेवर चालतंय ना? मग मशीनच," ते म्हणाले, आणि बाहेर थांबायला सांगून त्यांनी दार लोटून घेतलं.

मी या सोसायटीची खजिनदार. दुसरं कोणी तयार होईना म्हणून गळ्यात पडलेली. नोकरी चाकणला, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीच्या टाइम ऑफिसात. दिवसभर लोकांच्या उशिरा येण्याची कारणं ऐकून माझा स्वभाव खवट झालाय असं आमचे हे म्हणतात. म्हणोत बापडे. सोसायटीच्या त्या ऑफिसात काकांच्या समोर एक तास बसून दाखवा, मग स्वभावाचं बोलू.

काकांना तिथे कोणी नेमलं नव्हतं. काकू गेल्या त्या वर्षी कसलीशी नोटीस टाइप करायला म्हणून ते पार्किंगशेजारच्या खोलीत जाऊन बसले, ते पुन्हा उठलेच नाहीत. सकाळी जनरल शिफ्टच्या वेळेला डबा घेऊन खाली यायचे. पायात कारखान्याचे जाड बूट, अंगात कंपनीचं निळं जाकीट, भर मे महिन्यातसुद्धा. दुपारी तिथेच डबा खायचे आणि शिफ्ट सुटायच्या वेळेला वर जायचे. पगार नाही, मानधन नाही, आणि खरं सांगायचं तर कामही नाही. पण रुबाब प्लांट मॅनेजरचा.

आणि ते मशीन. बिल्डरने सोसायटी ताब्यात देताना आपल्या साइट ऑफिसातला वापरून झालेला कॉम्प्युटर आमच्या माथी मारला होता. मॉनिटरला मागे हे एवढं पोट. कीबोर्डवरची अर्धी अक्षरं पुसलेली. माउसच्या वायरीला इतकी चिकटपट्टी गुंडाळलेली की मूळ वायर कुठे आहे ते कळू नये. काकांनी त्याला रेक्झिनचं कव्हर शिवून आणलं होतं, वर बटणंसुद्धा लावली होती. माझ्या स्कूटरच्या सीटला कव्हर नाही.

आता गुरुवारचं ऐका. आमच्या या कारखान्यांच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची. म्हणजे सोसायटीची कामं करायला मला गुरुवारच मोकळा. आणि नेमका गुरुवारीच कॉम्प्युटर बंद. का, तर "गुरुवार मेंटेनन्सचा." कारखान्यात सुट्टीच्या दिवशी मशिनांची साफसफाई, तेलपाणी होतं ना, तसं काका दर गुरुवारी कॉम्प्युटरचा डबा उघडून बसायचे. दात घासायच्या ब्रशने धूळ काढायची, फडक्याने पुसायचं. एकदा तर त्यांनी आतल्या पंख्यात शिलाई मशीनचं तेल सोडलं. पंख्याने ते सगळीकडे उडवलं आणि कित्येक दिवस ऑफिसात जळक्या तेलाचा वास येत होता. मी नाक धरून उभी, आणि काका खुशीत. "आता आवाज बघा कसा मऊ झालाय, ताई."

खंडेनवमीला तर कळसच. कारखान्यात मशिनांची पूजा होते, म्हणून इथेही झाली. मॉनिटरला झेंडूचा हार, कीबोर्डवर हळदीकुंकू, टेबलाच्या कडेवर नारळ फोडला. त्याचं पाणी थेट खालच्या विजेच्या बोर्डात. फाट्कन आवाज झाला आणि पार्किंगसकट सगळीकडे अंधार. आम्ही चार-पाच जण तिथे होतो. खरं सांगते, आमच्यातल्या प्रत्येकाला आनंद झाला होता. गेला एकदाचा, असं वाटलं. वीज परत आली तेव्हा दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई सोसायटीचा दाखला मागायला आल्या, पोरीच्या कॉलेजात तातडीने हवा होता. काकांनी हात जोडले. "पूजेला बसलेलं मशीन उठवायचं न्हाई. दसऱ्याला या." बाई रडकुंडीला आल्या, काका ढिम्म. दसऱ्याला तो मेला कॉम्प्युटर निर्लज्जासारखा चालू झाला.

त्यावरचं मराठी टायपिंगही त्याच्या काळातलं. तिथली नोटीस दुसरीकडे कुठेही उघडली की नुसती भलतीच अक्षरं आणि चिन्हं. एकदा टाकी धुवायची म्हणून पाणी बंद राहणार होतं. काकांनी तशी नोटीस सोसायटीच्या ग्रुपवर टाकली. लोकांना वाटलं, ग्रुपमध्ये कोणी तरी चोर घुसलाय, फाइल उघडू नका. सकाळी निम्मी सोसायटी अंगाला साबण लावून नळाखाली उभी. मी जाऊन खूप बोलले. काकांनी शांतपणे पडद्याकडे बोट केलं. "हितं तर बरोबर दिसतंय. तुमची मशिनं बघून घ्या."

तर अशा या कॉम्प्युटरचं काय करायचं, ठेवायचा की काढायचा, हा विषय अध्यक्षांनी शेवटी बैठकीसाठी घेतला. अध्यक्ष म्हणजे रणपिसे. त्यांना सगळा कारभार मोबाइलच्या अ‍ॅपवर न्यायचा होता आणि त्या खोलीत लोकांच्या पार्सलांसाठी रॅक टाकायचे होते. "खजिनदार मॅडम एकदा मशीन तपासून मत देतील," त्यांनी जाहीर केलं. मी तर तयारच होते. हा डबा उचलून फेका, असं मी ग्रुपवर आधीच लिहून मोकळी झाले होते.

काकांना कळलं तेव्हापासून ते माझ्याशी गोड वागायला लागले. टपरीवरून चहा मागवायचे. गुरुवारी न मागता कॉम्प्युटर चालू करून द्यायचे, तेही न तापवता. एकदा हळूच म्हणाले, "ताई, समजा मशीन काढलं, तर खोली ऱ्हाईल ना?"

"खोलीत रॅक येणार, काका."

"सगळ्या खोलीत?"

"हो, सगळ्या खोलीत."

काका कव्हरची बटणं लावत बसले. मला वाटलं, म्हाताऱ्याचा रुबाब जाणार म्हणून तोंड उतरलंय.

बैठकीच्या आधीच्या गुरुवारी मी तपासणीला गेले तर ऑफिसला कुलूप. काका मशीनच्या आतली छोटी बॅटरी बदलून आणायला पिंपरीला गेले होते, स्वतःच्या खर्चाने. किल्ली मागायला मी त्यांच्या घरी गेले. सुनेने दार किलकिलं केलं, कानाला हेडफोन, ओठावर बोट. मी चपला काढून चोरासारखी आत शिरले. हॉलमध्ये तिचं टेबल, त्यावर दोन पडदे, मागच्या भिंतीला कागदी फुलं. एका बेडरूमचं दार बंद, आत मुलगा अमोल इंग्रजीत बोलत होता. दुसरीचं दार बंद, नात बारावीला. बाल्कनीत एक गादी गुंडाळून दोरीने बांधून ठेवलेली, त्यावर काकांचा टॉवेल. स्वयंपाकघरात कुकर होता, पण भात माझ्या अंदाजाने पहाटेच झालेला असणार. शिटी वाजवणार कशी?

सुनेने एक बटण दाबून आपला आवाज बंद केला आणि कुजबुजत म्हणाली, "पप्पा संध्याकाळीच वर येतात. त्यांना खालीच आवडतं." मग जरा ओशाळून, "त्यांचा खोकला मोठा आहे ना, कॉलवर ऐकू जातो."

पोरगी वाईट नाही. काकांच्या आजारपणात तिनेच त्यांचं सगळं केलं, हे मी पाहिलंय. दोघांची नोकरी, वर घराचे हप्ते, आणि ऑफिसवाल्यांनी यांना घरूनच काम करायला लावलेलं. राग धरायचा तर कोणावर? पण मला राग आला. इतकी वर्षं आम्ही ज्या डब्याला शिव्या घालत होतो, त्याच्या आधाराने एक माणूस दिवस काढत होता, आणि हे आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. किल्ली न घेताच मी खाली आले.

बैठक रविवारी संध्याकाळी पार्किंगमध्ये भरली. रणपिसेंनी मला मत विचारलं. मी म्हणाले, "कॉम्प्युटर चालतोय. ठेवू या."

"मॅडम, तुम्हीच लिहिलं होतं की फेका."

"लिहिलं होतं. आता ठेवा म्हणतेय."

लोक हसले. काका मागच्या रांगेत बसले होते, जाकीट घालून. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला मान वळवावी लागली. तेवढ्यात अमोल उठला. सरळ मुलगा आहे, तसाच बोलला. "पप्पांमुळे कोणी संकोच करू नका. त्यांचं वय झालंय. दिवसभर खाली बसतात, आम्हालाच वाईट वाटतं. हे मशीन गेलं म्हणजे घरी निवांत आराम करतील."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकंच फिरलं. मी खुर्चीतून उठले. "घरी कुठे रे, अमोल? मी परवा तुझ्या घरी आले होते. तिथे त्यांना—"

"ताई, बसा."

काका उभे होते. हा आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. मी बसले.

"मशीन संपलंय," ते अध्यक्षांना म्हणाले. "रोज बघतोय, मला ठाव हाय. नुसतं कुरकुरतंय. स्क्रॅप करा. आन् अमोल बरोबर बोलतोय. पोरगं कधीपासून मागं लागलंय, पप्पा घरी बसा, घरी बसा. मीच आडमुठा, ऐकत नव्हतो." आणि ते हसले. अमोलही हसला. त्याचा चेहरा खुलला होता.

सगळ्यांनी हात वर केले. माझा एकटीचा खाली राहिला. सोनवलकरांच्या मुलाच्या घरात बापाला बसायला जागा नाही, हे चारचौघांत माझ्या तोंडून निघू नये म्हणून त्या माणसाने आपलं मशीन स्वतःच्या तोंडाने भंगारात काढलं होतं. मला तिथे सगळ्यांचा संताप आला, काकांचासुद्धा.

भंगारवाल्याने तो पोटवाला मॉनिटर हातगाडीवर टाकला तेव्हा काका तिथे नव्हते. रॅक आले. आता खोलीत छतापर्यंत खोकी असतात.

महिन्याभराने असेल, सकाळी मी चौकात कंपनीच्या बसची वाट पाहत होते. थांब्याच्या बाकावर पहिल्या शिफ्टवाल्यांच्या गर्दीत काका बसलेले. जाकीट, बूट, मांडीवर डबा.

"काका, इथे कुठे?"

"बसलोय जरा. गाड्या बघत." मग त्यांना खोकल्याची मोठी उबळ आली. ती थांबल्यावर तोंड पुसून म्हणाले, "हितं खोकलं तरी चालतंय."

काका सरकून बसले, मला जागा करून दिली.

"ताई, तुमच्या चाकणच्या कंपनीत एखादा जुना कॉम्प्युटर आसंल का? कोपऱ्यात पडलेला?"

"कशाला?"

"त्याला बघणारं कोणी तरी लागत आसंल. पगार नको मला. बिघडलेला आसला तरी चालंल."

माझी बस आली. "विचारते," मी उठत म्हणाले.

"कधी विचारताय?"

"आजच विचारते, काका."

"बरं," ते म्हणाले. "मी हितंच हाय."