माझ्या भट्ट्या

मी साठीला टेकलोय, पण स्नायू पंचविशीचे आहेत, असं मी जेवताना जाहीर केलं आणि तिथेच फसलो. आमची सूनबाई संशोधन संस्थेत आहे. वय वाढलं की स्नायूंचं काय होतं, हा तिचा विषय. स्नायूंच्या पेशींत म्हणे मायटोकॉन्ड्रिया नावाच्या बारीक भट्ट्या असतात. प्राणवायू घेऊन त्या अन्न जाळतात, म्हणून आपण चालतो. वय झालं की भट्ट्या कमी होतात, उरलेल्या नुसत्या धुमसतात. चाचणीसाठी तिला माणसं हवी होती. मी म्हटलं, माझ्या भट्ट्या बघून तुझे साहेब सिद्धान्त बदलतील!

प्रयोगशाळेत गेलो, तर तिचे वडील, म्हणजे आमचे व्याही अप्पा, चाचणी उरकून टॉवेलनं मान पुसत बसलेले. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. मला जोर चढला. मशीनवाली मुलगी खाणाखुणा समजावत होती, पण मी तेव्हा अप्पांना माझ्या पोटऱ्या दाखवत होतो.

जागच्या जागी चालणारी सायकल, तोंडावर घट्ट मास्क. सुरुवातीला मजा आली. मग पॅडल जड होत गेलं. सायकल नव्हे, चिखलातून रेडा ओढतोय असं वाटायला लागलं. थांबवा, म्हणून मी पंजा दाखवला. मुलीनं कौतुकानं मान डोलावली आणि भार पाच घरं वाढवला! जितकी बोटं, तितका भार.

मी मास्कमधून ओरडलो. बाहेर फक्त म्हशीचं रेकणं ऐकू गेलं. सूनबाई टाळ्या वाजवून म्हणाली, "शाब्बास, बाबा!"

शेवटी मी अप्पांना हात जोडले. अप्पा जुन्या वळणाचे. उठून उभे राहिले आणि त्यांनीही वाकून नमस्कार केला.

तेव्हा मात्र मी कपाळावर हात मारला, आणि सायकल थांबली. थांबायची खूण तीच होती.

निकाल घेऊन सूनबाई आली ती खाली बघतच. म्हणाली, "बाबा, तुमचे आकडे वयस्कर गटाच्या सरासरीत बसत नाहीत."

मी अप्पांकडे विजयी नजर टाकली.

"खालच्या बाजूनं," ती पुटपुटली.

तिच्या साहेबांनी यंत्र तपासायला माणूस बोलावला. यंत्र ठणठणीत निघालं. व्यायामानं भट्ट्या पुन्हा वाढतात, असं सूनबाईनं धीर देत सांगितलं. अप्पा एवढंच म्हणाले, "व्याहीबुवा, उद्यापासून माझ्याबरोबर फिरायला येत चला."

आता रोज जातो. मला धाप लागली की अप्पा बाकापाशी थांबतात आणि बुटाची लेस सुटली म्हणून वाकतात. बराच वेळ वाकून राहतात.

अप्पा सँडल घालतात. मी तो विषय काढत नाही.