बिनतनखा रजेवर

केरबा मास्तर रोज सकाळी स्वतःची हजेरी स्वतःच घ्यायचे, आणि तीसुद्धा ओरडून.

खोटं वाटेल, पण मी डोळ्यांनी पाहिलंय. शाळा म्हणजे देवळामागची एक लांबट पडवी. पोरांच्या हजेरीआधी मास्तरांची हजेरी, हा तिथला नेम. केरबा मास्तर दाराशी उभे राहायचे, काळी टोपी कपाळावर ओढायचे आणि साहेबी आवाज लावायचे, "केरबा मास्तर!" मग टोपी काढून काखेत, दोन पावलं पुढे, मान खाली. "हाजिर, साहेब." पुन्हा मागे, पुन्हा टोपी. "दुसरे मास्तर!" आता कोण बोलणार? दुसरे मास्तर नव्हतेच. "दुसरे मास्तर?" ते थोडा वेळ पोरांकडे बघायचे, एखाद्याने मास्तर दप्तराखाली लपवून ठेवलाय की काय अशा नजरेने. मग बुकात लिहायचे, 'जागा खाली.' पोरं हसायची नाहीत. त्यांना वाटायचं, सगळ्याच शाळांत असंच असतं.

एकदा ओढ्याला पाणी आलं म्हणून मास्तरांना उशीर झाला. त्यांनी टोपी घालून स्वतःला चांगलं फैलावर घेतलं, "काहून उशीर झाला? सरकारची तनखा फुकट खाऊन राहिलात काय?" आणि टोपी काढून, कान धरून, घंटेखाली तासभर उभे राहिले. त्या वेळी सरकारची तनखा, म्हणजे पगार, चार महिने आलेली नव्हती.

ही निजामाच्या अमदानीतली गोष्ट. गाव पुसेगावपासून दोन कोसांवर, वऱ्हाडच्या हद्दीला टेकलेलं. नाव सांगत नाही. तिथं मला ओळखणारं कुणी अजून असेल तर मला तोंड लपवायची पाळी येईल. मी डोंगरकडा गावचा, नुकता परीक्षा पास झालेला, एकोणीस वर्षांचा. तालीमखात्याने, म्हणजे शाळाखात्याने, माझी नेमणूक त्या शाळेवर केली. मी चालत चालत सकाळी पोचलो तो ही हजेरी रंगात आलेली. "दुसरे मास्तर?" असा पुकारा झाला आणि मी दारातूनच, काखेत वळकटी, म्हणालो, "हाजिर."

केरबा मास्तरांच्या हातातला टाक खाली पडला. ते जवळ आले आणि बाजारात गोऱ्हा बघावा तसा त्यांनी माझा दंड चाचपला.

"खरंच आले का हो तुमी?" म्हणाले. "सहा वर्षं झाली पुकारून राहिलो. आज पहिल्यांदा आवाज आला."

शाळेत खुर्ची एकच होती, ती दुसऱ्या मास्तरांची. स्वतः ते खोक्यावर बसायचे आणि ती रिकामी खुर्ची रोज उपरण्याने पुसायचे. "बसा माधवराव," माझ्या नेमणुकीच्या कागदावरचं नाव वाचून ते म्हणाले. "एक पाय लंगडा हाय तिचा. भिंतीला टेकून बसा, म्हंजे दगा देनार न्हाई." मी बसलो. सगळी शाळा आ वासून बघत राहिली, कारण त्या खुर्चीवर बसलेला माणूस त्यांनी कधी पाहिलाच नव्हता.

चार वर्ग, एक पडवी. मास्तरांनी तोडगा काढला होता. पहिलीने पूर्वेकडे तोंड करायचं, दुसरीने पश्चिमेकडे, तिसरीने दक्षिणेकडे, चौथीने उत्तरेकडे. मधून मास्तर गोल गोल फिरायचे. इकडे बाराखडी, तिकडे पाढे, पलीकडे उर्दूचा धडा. "मी घाण्याचा बैल हाय," ते म्हणायचे. "फरक येवढाच, बैलाला पेंड येळेवर मिळते."

मी आल्यावर त्यांनी मला तिसरी-चौथी दिली आणि त्यांचा अर्धा घाणा कमी झाला. पण सवय अशी जडलेली की माझ्या वर्गापर्यंत येऊन थबकायचे, माझ्याकडे बघून हसायचे आणि परत वळायचे.

दुसरे मास्तर इथं टिकत का नाहीत, असं मी पहिल्याच आठवड्यात विचारलं.

"टिकत्यात की. तनखा टिकत न्हाई. एक हिंगोलीच्या कचेरीत कारकून झाला. एक रेल्वेत गेला, तिथं वर्दीबी देतात म्हने. तिसरा बिचारा लई धरून राहिला. बायकोचं डोरलं मोडलं तवा गेला, त्याला सहा वर्षं झाली."

"मग सरकार ही जागा भरत तरी कशाला?"

मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चौथीत नापास झालोय. "कागदावर दोन जागा हायेत, म्हनून चार वर्ग हायेत, माधवराव. तपासनीचा साहेब बोलून गेलाय. अवंदा जागा मोकळी ऱ्हायली तर ती दुसऱ्या गावाला देनार, आन् तिसरी-चौथी बंद. मंग आमच्या धनगराच्या, कुनब्याच्या लेकरांनी दोन कोस पुसेगावला जायचं? पोरींना तर घरचे वेशीपोतुर सोडत न्हाईत." आणि शेवटी त्यांचं ठरलेलं वाक्य, "कागद बराबर पायजे. कागद बराबर असला की मानूस आज ना उद्या येतोच."

मास्तरांची बायको पटकीच्या साथीत गेलेली, मूलबाळ नाही. मी त्यांच्याच घरी राहायचो. भाकरी ते थापायचे, अंबाडीची भाजी मी निवडायचो. आता शाळेत दोन मास्तर झाले म्हणून त्यांनी दर शनिवारी शिक्षकांची सभा सुरू केली. सभा चुलीपुढे भरायची. वहीत लिहायचे, 'सभेस सर्व शिक्षक हजर. ठराव पहिला: दुसऱ्या मास्तरांची प्रकृती खालावली असल्याने त्यांनी रोज पावशेर दूध प्यावे. पहिल्या मास्तरांनी अनुमोदन दिले. दुसऱ्या मास्तरांनी विरोध केला. अध्यक्षांच्या जादा मताने मंजूर.' अध्यक्ष तेच. दूध कुठून यायचं ते मी तेव्हा विचारलं नाही. पुढे कळलं, धनगरवाड्यातल्या एका म्हाताऱ्याचे कागद लिहून द्यायचे, त्याबद्दल तो शेळीचं दूध द्यायचा. स्वतः मास्तर कोरा चहा प्यायचे, गुळाचा, आणि म्हणायचे की मला दूध सोसतच नाही.

हे सगळं छान होतं हो. पण पोटाला आणि घराला छान चालत नाही. माझ्या जागेच्या पगाराची पक्की मंजुरीच आली नव्हती. मास्तर दर महिन्याला तालुक्याला पायी जायचे आणि परत येऊन पाय चोळत म्हणायचे, "पुढल्या महिन्यात. साहेब दौऱ्यावर हायेत." अकरा महिन्यांत माझ्या हाताला एकदा दोन महिन्यांचा पगार लागला, बस्स. डोंगरकड्याला आई आजारी. तिचा निरोप आला की औषधाचं राहू दे, पण तू जेवतोस ना? तो निरोप ऐकून मला स्वतःचीच लाज वाटली.

हिंगोलीच्या एका जिनिंगच्या कारखान्यात कापूस तोलून लिहायचं काम मिळत होतं. मजुरी दर आठवड्याला, रोख. मी एका कागदावर राजीनामा लिहिला आणि मास्तरांपुढे ठेवला.

त्यांनी चष्मा लावून तो दोनदा वाचला. म्हणाले, "समास सोडला न्हाई."

"काय?"

"डाव्या अंगाला समास सोडावा लागतो. खात्यात जायचा कागद हाय. फिरून लिव्हा."

मी पुन्हा लिहिला. तो अक्षर गिचमिड आहे म्हणून परत आला. तिसऱ्यांदा लिहिला तेव्हा त्यांना काही खोट काढता येईना. त्यांनी घडी घातली आणि म्हणाले, "बराबर हाय. पाठवतो." मला वेशीपर्यंत पोचवायला आले नाहीत. तासाची वेळ झाली होती, आणि आता चारही दिशा परत त्यांच्याच गळ्यात होत्या. मला राग आला, खरं सांगतो. मला वाटलं, या माणसाला माणसापेक्षा कागद मोठा.

पुढे काही वर्षं गेली. जिनिंगमध्ये मी खोकत खोकत आकडे लिहीत होतो. मग गडबडीचे दिवस आले, रझाकारांच्या धाकाने गावंच्या गावं वऱ्हाडात पळाली, जिनिंगला कुलूप लागलं. पोलीस अॅक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं. नव्या सरकारला मास्तर हवे होते. परभणीला एका मोठ्या शाळेत माझं काम झाल्यातच जमा होतं. पगार महिन्याच्या महिन्याला. फक्त आधीच्या शाळेतून मोकळं केल्याचा दाखला पाहिजे होता. तेवढ्यासाठी मी त्या गावाला गेलो. भाड्याची बैलगाडी वेशीत उभी केली आणि देवळामागे आलो. हजेरी चाललेली.

"केरबा मास्तर!" आवाज तोच, पण चिरका झालेला. टोपी निघाली. "हाजिर, साहेब."

मी मनात हसलो. आता 'दुसरे मास्तर' आणि 'जागा खाली.'

"माधवराव मास्तर!"

मी दाराबाहेरच थांबलो. आणि पडवीतली सगळी पोरं, ज्यांतल्या एकानेही मला पाहिलेलं नव्हतं, पाढा म्हटल्यासारखी एका सुरात ओरडली, "रजेवर!"

मास्तरांनी मान हलवली आणि बुकात लिहिलं.

मला तेव्हाच हाजिर म्हणायचं होतं. पण मी मागे सरकलो. मधली सुटी होईपर्यंत मी भिंतीआड बसून राहिलो.

त्यांनी मला ओळखलं ते आवाजावरून. डोळे गेल्यातच जमा होते. पुन्हा दंड चाचपला. "आले," म्हणाले. "मी म्हनलं नव्हतं? कागद बराबर असला की येतोच." मग मडक्यातलं पाणी दिलं, खुर्ची उपरण्याने पुसली. मी बसलो नाही. कसाबसा दाखल्याचा विषय काढला.

मास्तर उठून पडवीच्या कोपऱ्यातल्या कणगीपाशी गेले. आत हात घातला. गडबडीच्या दिवसांत शाळेचे कागद ज्वारीत पुरून ठेवलेले, ते अजून तिथंच होते. त्यातून त्यांनी माझा राजीनामा काढला. समास सोडलेला. घडीत ज्वारीचे दाणे.

"पाठवलाच नाही तुम्ही?"

"कसा पाठवनार? पाठवला असता तर जागा गेली असती. मंग तुमी वापस आल्यावर बसनार कुठं?"

"आणि खात्याला काय कळवलं?"

"बिनतनखा रजेवर. दर म्हैन्याला. कोनी इचारलं न्हाई. तसंबी तुमची तनखा येतच नव्हती, त्यांना फरक काय पडला?" ते हसले. मग हळूच म्हणाले, "मी लबाडी केली, माधवराव. जलमात कागद खोटा लिव्हला तो येवढाच. पन तिसरी-चौथी चालू ऱ्हायली. आन् सकाळी तुमचं नाव घ्यायला मिळायचं."

राहतो, एवढंच म्हणायचं होतं. एक शब्द. आई घरी माझी वाट बघत होती, परभणीचा पगार महिन्याच्या महिन्याला होता, आणि मी तो शब्द बोललो नाही.

मास्तरांनी समजून घेतलं. डोळे कागदाला टेकवून, वळणदार अक्षरात, त्यांनी दाखला लिहिला. काम उत्तम, वर्तणूक उत्तम. मग हजेरीबुक ओढलं आणि त्यात माझ्या नावापुढे नोंद केली. "घ्या. तुमी मोकळे झाले."

दुपारच्या हजेरीची घंटा झाली. पोरं चार दिशांना तोंडं करून बसली. मी चपला घालत भिंतीआड होतो.

"केरबा मास्तर!" आणि मग, "हाजिर, साहेब."

त्यानंतर मास्तर थांबले आणि एकदम पहिलीतल्या पोरांची नावं घेऊ लागले. तेवढ्यात तिसरीच्या बाजूने एक पोरगी उठली.

"गुर्जी, रजेवरचे मास्तर ऱ्हायले की."

"त्यांची रजा संपली, बाई. बस खाली."

"मंग आले का?"

मास्तर बुकावर वाकून पुढचं नाव शोधू लागले. मी खिशातला दाखला चाचपला, आणि जाऊन गाडीत बसलो.