वस्तऱ्याच्या मळ्यातलं गवत

गवत वाढवायचं म्हणजे काहीच करायचं नाही, आणि काहीच न करण्यात आपला हात कोण धरणार, असं वस्तरा गावभर सांगत सुटला होता. हे नाव त्याला गावानंच ठेवलेलं. त्याच्या वाइनच्या द्राक्षांच्या मळ्यात ओळींमधली जमीन कायम दाढी केल्यासारखी गुळगुळीत असे.

आजवर सरकारी अनुदान जमिनीच्या मापानं मिळे. शेजारचा बडा मळेवाला घमेलंभर नेई, वस्तऱ्याच्या वाट्याला चिमूटभर येई. यंदा नियम बदलला. मळा केवढाही असो, जो ओळींमध्ये गवत राखेल त्याला अनुदान. छोट्यांनी तग धरावा म्हणून. हे हुकलं तर मळा शेजाऱ्याच्या घशात जाणार, हे वस्तऱ्याला पक्कं ठाऊक होतं. आणि मळाच गेला तर बायको परत येणार कुठे?

ती मुलीच्या बाळंतपणाला म्हणून शहरात गेली आणि तिथेच अडकली. नातू रांगायला लागला तरी ही आपली तिथेच. गंमत म्हणजे, गवत राहू द्या, माती थंड राहते, हे ती लग्न झाल्यापासून सांगत होती. ओळीच्या अल्याड तो, पल्याड ती, असं खुरपत जायचं आणि पानांआडून यावरच भांडायचं. आता पल्याड कुणी नव्हतं, आणि त्याला मळ्यात करमत नव्हतं.

तर त्यानं खुरपं माळ्यावर फेकलं. गवत पोटरीला लागलं. तपासणीच्या दिवशी सकाळीच बायकोचा फोन आला.

"कसं दिसतंय हो?"

"तू म्हणायचीस तसं. थंडगार."

"म्हणजे माझं बरोबर होतं."

"असं कुठे म्हटलं मी?"

पानांआडून बोलत असल्यासारखंच वाटलं त्याला. फोन कानाखांद्यात दाबून तो ओळीमागून ओळ चालत राहिला. नातवाचे दात झाले, मुलीची चिडचिड झाली, गळका नळ झाला. कितीतरी दिवसांनी जीव निवला. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कुठे बॅटरी संपली.

"काका, गवत कुठंय?" मागे तपासणीच्या अधिकारी बाई उभ्या होत्या.

"हे काय," म्हणत वस्तरा वळला. एवढासा मळा, या टोकापासून त्या टोकापर्यंत गुळगुळीत. उपटलेल्या गवताच्या जुड्या बांधाला नीट रचलेल्या, आणि शेवटची मूठ अजून त्याच्या हातात.

"कुणी केलं हे?"

"बायकोशी बोलत होतो," तो म्हणाला.

बाईंनी जुड्यांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "छाटणीच्या सुमारास पुन्हा येईन. नियमात एकच संधी आणखी आहे. तोवर मळ्यात फोन घेऊन जायचं नाही."

संध्याकाळी त्यानं स्वयंपाकघरात बसून बायकोला फोनवर सगळं सांगितलं. ती पोट धरून हसली.

"तुझं बरोबर होतं," वस्तरा म्हणाला. "गवताचं. आणि तू नसलीस की मला काही धड जमत नाही."

"येते मी, छाटणीच्या आधी," ती म्हणाली. "तोवर घरातच बसून बोला, म्हणजे कशाचं नुकसान नको."

गाडी कोणती, उतरवून घ्यायला कुठे यायचं, हे ठरवण्यात दोघं रमली. वस्तऱ्यानं फोन ठेवला तेव्हा, तिनं जाताना जपायला सांगितलेल्या खिडकीतल्या पुदिन्याच्या कुंडीत एक पान शिल्लक नव्हतं.