कंट्रोलवाला तावडे

फुलपाड्याच्या आमच्या इमारतीत भांडण लागलं की बाकीचे सोडवायला धावायचे. मधुकर तावडे मात्र जिन्यात उभा राहून हातातलं घड्याळ बघायचा. आवाज टिपेला गेला की समाधानाने म्हणायचा, "ओव्हरशूट! आता हळूहळू सेटल होईल." एकदा भांडणारे दोघे मिळून त्याच्यावरच उलटले. तरी हा म्हणतो, "बघा, डॅम्पिंगच नाही तुमच्यात, धक्का जिरतच नाही!"

पस्तिशीचा तावडे आमच्या शेजारच्या खोलीत एकटा राहायचा. कारखान्यातली बरी नोकरी सोडून मेकॅनिकलमध्ये एम.ई. करत होता. विषय कंट्रोल सिस्टिम. म्हणजे यंत्राला आपला तोल आपण सावरायला शिकवायचं. लग्नाचं विचारलं की म्हणायचा, "सिस्टिम अजून स्थिर नाही."

वॉचमन पंप बंद करायला विसरायचा आणि गच्चीवरची टाकी वाहायची. एकदा ते पाणी सेक्रेटरी राऊतकाकांच्या वाळत घातलेल्या बोंबलांवरून गेलं. तावडेने विडाच उचलला. टाकीत तरंगता गोळा सोडला, तारा ओढल्या, भिंतीला एक डबा ठोकला. रविवारी सगळी इमारत गच्चीत जमली. तावडेने बटण दाबलं. पंप सुरू झाला, बंद पडला, सुरू झाला, बंद पडला. उचकी लागल्यासारखा.

"तावडे, पानी चढवायचं हाय का नाचवायचं?" राऊतकाका गरजले.

"काका, गेन जास्त झालाय."

"गेन? कोनाला?"

संध्याकाळपर्यंत त्याने पंपाचा तो उतावळेपणा ताळ्यावर आणला. टाकी पुन्हा वाहिली नाही. राऊतकाकांनी खूश होऊन बोंबील पाठवले, तर हा खारटपणाबद्दल फीडबॅक द्यायला त्यांच्या दारात हजर.

पुढच्या उन्हाळ्यात त्याची तोंडी परीक्षा झाली. कॉलेजातून तो थेट आमच्याकडे आला. गळ्यात टाय, हातात पेढे. "पास झालो," म्हणाला, पण जाईना. मग माझ्या आईला म्हणाला, "काकू, तिथे काय बोललो ते ऐकाल?"

आई सातवी शिकलेली. तांदूळ निवडता निवडता "हं" म्हणाली. तावडे आकृत्यांच्या पारदर्शक फिल्म एकेक करून खिडकीच्या उजेडात धरत बोलत राहिला. मला एक अक्षरही कळलं नाही.

"काही शंका?" त्याने शेवटी विचारलं.

"घरी कळवलंस का रे?"

"घरी कोण आहे, काकू? आई गेल्यावरच हा कोर्स घेतला. संध्याकाळी खोलीवर करायचं काय?"

तो फिल्म गोळा करू लागला. आईने तांदळाचं ताट बाजूला सारलं.

"थांब," ती म्हणाली. "पहिल्यापासून सांग बघू. मघाशी माझं लक्ष तांदळात होतं."